बाळंतपण न होता अंगावर पाजणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दत्तक घेतलेलं लेकरू, सरोगसीतून झालेलं बाळ किंवा बाळंतपणात आई गेल्यामुळे मावशीच्या, आजीच्या पदरात आलेलं तान्हं. तिन्ही घरांत प्रश्न एकच असतो: जिनं जन्म दिला नाही तिला दूध येईल का? मराठवाड्यातल्या बाया आणि त्यांच्या घरचे लोक जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. गोळ्यांचे डोस माहितीसाठी दिले आहेत, चिठ्ठी मात्र डॉक्टरांचीच हवी.

दिवस गेलेच नाहीत, मग दूध येणार कुठून?

दूध तयार करण्याचं काम प्रोलॅक्टिनचं. तयार झालेलं दूध बाहेर ढकलण्याचं काम ऑक्सिटोसिनचं, त्यालाच आपण पान्हा फुटणं म्हणतो. ही दोन्ही संप्रेरकं मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून रक्तात येतात आणि स्तनाग्र ओढलं गेलं की ती वाढतात. गर्भाशयाचा यात थेट संबंध नाही.

गरोदरपणात वेगळं काम चालतं. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि वारेतून येणारी संप्रेरकं मिळून दुधाच्या ग्रंथी आणि नळ्या वाढवतात. वार पडली की प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं आणि दूध सुरू होतं. बाळंतपण झालेलं नसेल तर ही आधीची वाढ वारंवार ओढ देऊन सावकाश घडवावी लागते किंवा गोळ्यांची मदत घ्यावी लागते. ज्यांच्या दावणीला म्हैस आहे त्यांना वेगळं सांगायला नको: रेडकू लावल्याशिवाय ती पान्हा सोडत नाही. आधी ओढ, मग दूध.

लेकराचं पोट भरेल एवढं येतं का?

बहुतेक जणींना नाही. काहींना रोज चार-दोन चमचे येतं, काहींना निम्मी गरज भागेल एवढं, थोड्या जणींना जवळपास पूर्ण. जिला पूर्वी बाळंतपण झालंय, जिनं आधी पाजलंय, तिच्या ग्रंथी वाढलेल्या असतात, त्यामुळे तिला लवकर आणि जास्त येण्याची शक्यता असते. पहिलटकरणीसारखी सुरुवात करणारीला जास्त धीर धरावा लागतो.

‘पूर्ण दूध येईलच’ असं छातीठोक सांगणाऱ्यापासून लांब राहा. वरचं दूध चालू ठेवूनही लेकरू अंगावर पिऊ शकतं. उबेला राहणं, चोखून शांत होणं आणि मिळेल तेवढं आईचं दूध, हे सगळं त्यात आलंच.

गर्भपिशवी काढलेली आहे. तरी जमेल का?

जमेल. हा प्रश्न बीड, धाराशिव आणि परभणीकडून फार येतो. ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायांची पिशवी तिशीतच काढलेली आहे. बीड जिल्ह्यातल्या या शस्त्रक्रियांचं प्रमाण पाहून २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली होती. पिशवी नसली तरी पीयूष ग्रंथी आणि स्तन जागेवर असतात, दुधाला ते पुरेसं आहे. अंडाशयही काढले असतील किंवा पाळी गेली असेल तरी दार बंद होत नाही, वेळ मात्र जास्त लागतो. कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रियेचा दुधाशी काहीच संबंध नाही.

अडचण येते ती स्तनाची मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल किंवा पीयूष ग्रंथीचा आजार असेल तर. अशा वेळी आधी तज्ज्ञांना दाखवा.

तयारी कधी सुरू करायची?

सरोगसीत तारीख माहीत असते, म्हणून नियोजन सोपं. पाच-सहा महिने आधी डॉक्टरांशी बोलायचं, शेवटच्या सहा आठवड्यांत पंपाची तयारी पूर्ण ठेवायची.

दत्तकाचं गणित वेगळं. कारा या केंद्रीय प्राधिकरणाकडे नोंदणी झाल्यावर प्रतीक्षा लांबते, ती वर्षांची असू शकते. मग अचानक बाळाची माहिती येते आणि ४८ तासांत होकार नोंदवायचा असतो. नोंदणीच्या दिवसापासून पंप लावून बसलात तर थकून सोडून द्याल. प्रतीक्षेच्या काळात तपासण्या उरका, डॉक्टर ठरवून ठेवा, हाताने दूध काढायचं शिका. रोजचा पूर्ण क्रम बाळ राखून ठेवल्याच्या दिवशी सुरू करा.

आणखी एक गोष्ट आधीच मनात धरा. जन्मदात्यांनी बाळ सोपवलं असेल तर फेरविचारासाठी त्यांना ६० दिवस असतात. टाकून दिलेल्या बाळाला दत्तकासाठी मोकळं जाहीर करायलाही वेळ जातो. त्यामुळे दत्तक बाळ घरी येतं तेव्हा सहसा दोन-तीन महिन्यांच्या पुढचं असतं आणि वाटी-चमच्याला किंवा बाटलीला सरावलेलं असतं.

आई गेल्यामुळे आलेल्या तान्ह्यासाठी तयारीला वेळच नसतो. तिथे बाळालाच अंगाला लावायचं, त्याच दिवसापासून. नळीची पद्धत खाली दिली आहे, या घरांसाठी ती सर्वांत उपयोगाची.

आधी कोणत्या तपासण्या करायच्या?

एचआयव्ही, कावीळ ब आणि सिफिलिस. दुसऱ्याचं लेकरू अंगावर घेताना या तपासण्यांत संकोच नको. एचआयव्हीची तपासणी जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांतल्या आयसीटीसी केंद्रांत मोफत होते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर क्षयाची तपासणीही करा. याशिवाय हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघा, कारण थायरॉइड बिघडलेलं असेल तर दूध अडतं. दूध वाढवणारी डॉम्पेरिडोनची गोळी (तिच्याबद्दल खाली सांगितलं आहे) घ्यायची असेल तर आधी ईसीजी.

काहीही न करता आधीपासूनच स्तनातून पाणी किंवा दूध येत असेल तर खूश होऊन थांबू नका, प्रोलॅक्टिन तपासून घ्या. रक्ताळ स्राव किंवा गाठ असेल तर आधी सर्जनला दाखवा.

दूध काढायची नेमकी पद्धत सांगा.

पहिला आठवडा अंग सरावण्यासाठी. दिवसातून तीन वेळा, दर बाजूला पाच-सात मिनिटं. मग वाढवत न्या. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापर्यंत २४ तासांत आठ वेळा, दर वेळी १५ ते २० मिनिटं. त्यातली एक वेळ मध्यरात्र ते पहाटे पाचच्या दरम्यान ठेवाच, कारण प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. दिवसा दोन खेपांमधलं अंतर थोडंफार मागेपुढे झालं तरी चालतं, एकूण आकडा चुकवू नका. तीन वेळा तासभर काढण्यापेक्षा आठ वेळा पंधरा मिनिटं काढणं कधीही चांगलं.

हाताने काढताना हात साबणाने धुवा, कोमट ओल्या कपड्याने स्तन दोन मिनिटं शेका, बोटांच्या टोकांनी गोल गोल हलकं चोळा. अंगठा वर आणि दोन बोटं खाली, स्तनाग्रापासून साधारण तीन सेंटिमीटर मागे ठेवा. आधी बरगडीकडे आत दाबा, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे आणा, मग सोडा. दाब, आवळ, सोड, याच लयीत. बोटं कातडीवरून घसरू देऊ नका आणि स्तनाग्र ओढू नका, साल निघते. चार-पाच मिनिटांनी बाजू बदला, बोटांची जागाही फिरवत राहा, म्हणजे सगळ्या दिशांच्या नळ्या मोकळ्या होतात.

पंप घेणार असाल तर दोन्ही बाजूंना एकाच वेळी लागणारा विजेचा पंप वेळ वाचवतो. चूक होते ती फनेलच्या, म्हणजे स्तनावर बसणाऱ्या पंपाच्या नरसाळ्याच्या, मापात. स्तनाग्राची बुडाशी रुंदी मिलिमीटरमध्ये मोजा आणि त्यात दोन-तीन मिलिमीटर मिळवा, ते तुमचं माप. पेटीत बहुतेकदा २४ मिलिमीटरचं फनेल येतं, ते सगळ्यांना बसत नाही. मोठं झालं तर भोवतालचा काळा भागही आत ओढला जाऊन सुजतो, लहान झालं तर स्तनाग्र कडेला घासून पांढरं पडतं. ओढ जास्त केली म्हणजे दूध जास्त, हाही गैरसमजच. दुखलं की पान्हा आखडतो. दुखणार नाही अशी जास्तीत जास्त ओढ तेवढीच ठेवा. महिनाभराने पंप ‘ओढत नाही’ अशी तक्रार येते तेव्हा बहुतेकदा मोटार ठीक असते, आतला रबरी पडदा किंवा व्हॉल्व्ह फाटलेला असतो. तो सुटा मिळतो.

लोडशेडिंगच्या गावात हाताचा पंप जवळ ठेवा, आणि हाताने काढणं तर यायलाच हवं.

पहिला थेंब कधी दिसतो?

एक ते सहा आठवडे. आधी स्तन जड वाटतात, स्तनाग्र हुळहुळतात, मग पाण्यासारखा किंवा पिवळसर थेंब येतो, मग पांढरं दूध. तीन आठवडे बाटली कोरडी राहिली म्हणून सोडून देणाऱ्या पुष्कळ जणी असतात. त्या दिवसांत बाटलीकडे बघत बसू नका, तिच्यावर पायमोजा घालून ठेवा.

बाळंतिणीला पहिले दोन-तीन दिवस येतो तसा चीक यात येत नाही. थेट पुढच्या टप्प्यातल्या दुधासारखं दूध येतं. सरोगसीत बाळाला जन्म देणारीने पहिल्या दिवसांत चीक काढून दिला तर उत्तम, तो वाटी-चमच्याने पाजता येतो.

गोळ्या घ्याव्या लागतात का?

लागतातच असं नाही. नुसत्या ओढीनेही दूध येतं. हाताशी महिने असतील तर डॉक्टर दोन टप्प्यांत गोळ्या देतात.

पहिल्या टप्प्यात इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनची संततिनियमनाची गोळी, मध्ये खंड न पाडता, काही महिने. शरीराला गरोदरपण भासावं म्हणून. या काळात पंप लावत नाहीत. बाळ येण्याआधी साधारण सहा आठवडे गोळी बंद करतात, प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि पंप सुरू होतो. आशाताईंकडे मिळणाऱ्या माला-एनच्या पाकिटात शेवटच्या सात गोळ्या लोहाच्या असतात, त्यांत संप्रेरक नसतं, म्हणजे त्या घेतल्या की खंड पडतो. आठवड्याची ‘छाया’ गोळी यासाठी चालत नाही. रक्तात गुठळी झालेली असेल, बीपी जास्त असेल, डोळ्यांपुढे चमकून होणारी अर्धशिशी असेल, यकृताचा आजार असेल किंवा पस्तिशीनंतर धूम्रपान असेल तर हा टप्पा टाळायचा. नुसता पंप वापरायचा.

दुसरी गोळी डॉम्पेरिडोन. ती मूळची मळमळीची, पण तिने प्रोलॅक्टिन वाढतं. सहसा १० मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा देतात. याहून मोठे डोसही वापरले गेले आहेत, पण डोस वाढतो तसा हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका वाढतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये दुधासाठी ही गोळी वापरू नये असा इशारा दिला होता. म्हणून ईसीजीशिवाय नको, आणि एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल या औषधांबरोबर तर नकोच. छातीत धडधड झाली, चक्कर आली तर गोळी थांबवून दवाखाना गाठा.

मेडिकलवर एक गफलत हमखास होते. ‘डॉम्पेरिडोन द्या’ म्हटलं की पित्ताची कॅप्सूल हातात येते. तिच्यात पॅन्टोप्राझोल किंवा राबेप्राझोलबरोबर डॉम्पेरिडोन मिसळलेली असते, तीही बऱ्याचदा ३० मिलिग्रॅम. पाकिटामागचं नाव वाचा, नुसती डॉम्पेरिडोन मागा. आणि दुधासाठी गोळी चालू असताना पित्तासाठी अशी कॅप्सूल वर घेऊ नका, डोस नकळत दुप्पट होतो.

मेटोक्लोप्रामाइडही कधी कधी लिहून देतात. पूर्वी नैराश्य येऊन गेलं असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा, ही गोळी ते वाढवू शकते.

म्हशीला देतात ते पान्ह्याचं इंजेक्शन चालेल का?

नाही. ते ऑक्सिटोसिन आहे. ते असलेलं दूध बाहेर ढकलतं, नवं दूध तयार करत नाही. शिवाय गोठ्यातली बाटली माणसासाठी नाहीच. जनावरांनाही तसं देणं कायद्याने गुन्हा आहे.

हाळीव, डिंकाचे लाडू, शतावरी, मेथी?

खायला हरकत नाही. हाळिवात लोह आहे, लाडवांत ताकद आहे, आणि कुणीतरी मायेने करून घातलं याचंही मोल आहे. पण ओढ आठ वेळा नसेल तर डबाभर लाडू खाऊन दूध येत नाही, वजन वाढतं. शतावरी आणि बाळंतशेपा यांचा पुरावा कच्चा आहे. मेथीदाण्याने साखर उतरते, म्हणून मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मोठ्या मात्रेत नको. भाजीतली मेथी खुशाल खा. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, शेंगदाणे, पालेभाजी, दही आणि तहानेप्रमाणे पाणी, एवढा आहार पुरतो. बळेबळे पाणी प्यायल्याने दूध वाढत नाही.

मिश्री लावते. दुधाला बाधते का?

बाधते. निकोटीन दुधात उतरतं, आणि त्यामुळे दूधही कमी होऊ शकतं. सोडवत नसेल तर निदान पाजून झाल्यावरच लावा, तोंड आणि हात धुवा, आणि दिवसाच्या वेळा कमी करत न्या.

दूध नसताना लेकरू अंगाला कसं लावायचं?

नळीने. मेडिकलवर ‘इन्फंट फीडिंग ट्यूब’ मागा, पाच किंवा सहा नंबरची. आठ नंबरमधून दूध भसकन येतं. सोबत मायक्रोपोर चिकटपट्टी आणि एक छोटी वाटी.

वाटीत मोजून वरचं दूध घ्या. नळीचं रुंद टोक वाटीत बुडवा. बारीक टोक स्तनाग्राच्या किंचित पुढे येईल असं स्तनावर ठेवून चिकटपट्टी लावा. आता बाळाला घ्या, स्तनाग्राबरोबर नळीही तोंडात जाईल. बाळ चोखेल तसं नळीतून दूध येतं, त्याला चोखल्याचं फळ मिळतं आणि तुमच्या स्तनाला ओढ मिळते. सुरुवातीला वाटी धरायला दुसरं माणूस लागतं, सासूबाई किंवा नवरा कुणीही.

वाटीची उंची हाच नळ आहे. वाटी स्तनाग्राच्या पातळीला धरा. बाळ दमत असेल तर थोडी वर, घटाघट पीत असेल तर खाली. एक खेप २० ते ३० मिनिटं चालली पाहिजे. पाच मिनिटांत वाटी रिकामी झाली तर ओढ मिळालीच नाही, आणि ठसका लागायची भीती वेगळी.

पाजून झालं की लगेच सिरिंजने नळीतून गार पाणी, मग साबणाचं पाणी, मग उकळून कोमट केलेलं पाणी सोडा. दूध आत वाळलं की निघत नाही. नळी उकळू नका, वाकडी होते. एक-दोन दिवसांनी नवी घ्या.

नळी मिळाली नाही तर ड्रॉपरने किंवा चमच्याने स्तनावर दूध असं सोडा की ओघळ बाळाच्या तोंडात जाईल. हे तात्पुरतं चालतं.

लेकरू तोंडच लावत नाही, रडतं.

दोन महिन्यांच्या आतली बाळं सहसा लवकर धरतात. सहा महिन्यांपुढच्यांना वेळ लागतो, काही धरतच नाहीत. भुकेने कळवळलेल्या बाळाला लावू नका. अर्धवट झोपेत, आंघोळीनंतर, किंवा थोडं वरचं दूध पाजून शांत केल्यावर लावा. अंगाला अंग लागेल असं दिवसातून दोन-तीन वेळा छातीवर ठेवा, पाजायचा आग्रह न धरता. बाटली बंद करा. वरचं दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजा, म्हणजे चोखायची हौस अंगावरच भागेल.

स्तनाग्र चिरलं तर बाळाची पकड चुकली आहे. तोंड मोठं उघडल्यावर काळा भागही तोंडात जाईल असं धरा. नुसतं टोक तोंडात असेल तर ओठांच्या कोपऱ्यातून करंगळी घालून सोडवा आणि पुन्हा लावा.

वरचं दूध कमी कधी करायचं?

वजन सांगेल तेव्हा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला दिवसाला किलोमागे साधारण १५० मिलिलिटर दूध लागतं. चार किलोच्या बाळाला ६०० मिलिलिटर, आठ खेपांत दर खेपेला ७५. तुमचं दूध येऊ लागलं की दिवसभराच्या वरच्या दुधातून ५० मिलिलिटर कमी करा. एका खेपेतून सगळं काढू नका, खेपांत वाटून कमी करा. मग काही दिवस थांबून बघा. २४ तासांत सहा वेळा लघवी आणि आठवड्याला किमान १२५ ग्रॅम वजनवाढ दिसली तर पुढचे ५० कमी. वाढ थांबली तर मागचे ५० परत द्या. वजन अंगणवाडीत त्याच काट्यावर, शक्यतो त्याच वेळी करा. दोन काट्यांतला फरक बाळाच्या आठवड्याच्या वाढीएवढा असू शकतो.

दूध यावं म्हणून बाळाला उपाशी ठेवणं हा या सगळ्यातला सर्वांत घातक प्रकार. अशक्त बाळ चोखतच नाही. डब्याचं दूध पुरवायला पाणी जास्त घालणं हाही तसलाच. बहुतेक डब्यांवर ३० मिलिलिटर उकळून कोमट केलेल्या पाण्याला एक सपाट माप असं प्रमाण असतं. आधी पाणी, मग पावडर.

मे महिन्यात काढलेलं दूध किती टिकतं?

२५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास. पण परभणी-नांदेडच्या ४२ अंशांच्या दुपारी पत्र्याखालच्या घराला हा हिशेब लागू नाही, तिथे तासाभरात पाजा नाही तर थेट फ्रीजमध्ये ठेवा. माठाशेजारची गार जागा पुरेशी गार नसते. फ्रीजमध्ये दूध चार दिवस टिकतं, पण वीज रोज काही तास जात असेल तर २४ तासांत संपवा. दाराच्या कप्प्यात नको, मागच्या बाजूला, झाकणाच्या स्टीलच्या डबीत ठेवा. गरम करताना भांडं कोमट पाण्यात धरा, गॅसवर ठेवू नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वेगळं पाणी लागत नाही.

आमच्यात दुधाचं नातं मानतात. ते लागू होतं का?

मुस्लिम घरांत हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कित्येकदा तयारीचं कारणच तो असतो. दोन वर्षांच्या आत स्त्रीचं दूध प्यालेलं मूल तिचं दूधलेकरू होतं, मग पुढे पडद्याचा आणि निकाहाचा प्रश्न उरत नाही. हनफी मतात थोडं दूधही पुरतं, शाफई मतात पाच वेळा पाजणं लागतं. औषधाने आणलेल्या दुधाबद्दल आणि नवऱ्याच्या नात्याबद्दल आपल्या मुफ्तींना आधीच विचारून ठेवा. कोणत्या तारखांना किती वेळा पाजलं याची वहीत नोंद ठेवा.

दाखवायचं कुणाला?

स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ, दोघांनाही. संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाई, लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं इथे दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत. नवजात शिशू कक्षातल्या सिस्टर नळी लावण्यात तरबेज असतात, त्यांना हात धरून शिकवायला सांगा.

किती दिवस चालू ठेवायचं, आणि बंद कसं करायचं?

तुम्हाला आणि लेकराला हवं तोवर. सहा महिन्यांनंतर वरणभात, नाचणीची खीर सुरू झाली की दुधावरचा भार आपोआप हलका होतो, कमी दूध असणाऱ्या आईला हा टप्पा सर्वांत सोपा जातो. बंद करताना दर तीन-चार दिवसांनी एक खेप कमी करा. एकदम सोडलं तर गाठी होतात, ताप येतो. डॉम्पेरिडोनही एका दिवसात बंद करू नका. काही जणींना झोप उडणं, घालमेल, बेचैनी असा त्रास होतो. १० मिलिग्रॅमची एक गोळी कमी करा, आठवडाभर थांबा, मग पुढची. जास्त डोस बरेच महिने घेतला असेल तर याहूनही सावकाश, डॉक्टरांना विचारून.